एकाच योजनेचे दोन भाव : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडत असतो. या खेपेला विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने म्युच्युअल फंडावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे, पैशाच्या बाजारातले जाणकार नव्हे. पण याच विषयात आमच्या तोंडून एक चुकीचा सल्ला गेला आणि त्याची झळ आपल्याच एका सभासदाला बसली. ज्या तोंडाने चूक केली त्याच तोंडाने ती कबूल करावी, म्हणून हा लेख.

गोष्ट अशी झाली. तीन वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. गट ऑफिसात गर्दी, टेबलावर नोंदीच्या कागदांचा ढीग. त्या गर्दीत आमच्या गटातले एक जुने सभासद आले. आपण त्यांना नाना म्हणू. रस्तारुंदीकरणात त्यांची बांधालगतची काही गुंठे जमीन गेली होती आणि मोबदला बँकेत जमा झाला होता. त्यातले २,०७,००० रुपये त्यांनी नातीच्या शिक्षणासाठी बाजूला काढले होते. नात तेव्हा नववीत होती. बारावी झाली की नर्सिंगला घालायची, असा त्यांचा बेत.

नाना म्हणाले, "साहेब, ह्यो कागद जरा बघा. योजना एकच हाय, नाव बी एकच हाय, पर भाव दोन लिवल्यात. एक तेरा रुपये ऐंशी पैसे आन् दुसरा एक्केचाळीस रुपये चाळीस पैसे. ह्यातला कंचा घ्यायचा?"

आम्ही कागदावर नुसती नजर टाकली आणि म्हटले, "नाना, माल एकच असेल तर स्वस्त घ्यावा. तणनाशकाची तीच बाटली एका दुकानात कमी भावानं मिळत असेल तर जास्त देऊन कोण आणतं?"

"शिवाय ह्या स्वस्तातल्याला म्हैन्याच्या म्हैन्याला पैसं बी येत्यात म्हणं."

"मग तर उत्तमच की!"

एवढे बोलून आम्ही पुढच्याची नोंद घ्यायला लागलो. नानांनी तेरा रुपये ऐंशी पैशांचे युनिट घेतले.

यंदा नाना पुन्हा आले, बरोबर नातही होती. कागद पुढे टाकून म्हणाले, "साहेब, म्हैन्याला दीड हजार याज येतंय ते खरं. पर मुद्दल कमी झालंय. दोन लाख सात हजाराचं एक लाख सत्त्याऐंशी हजार दावतंय. फसिवलं का काय आमाला?"

तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही तो कागद नीट वाचला, योजनेचे माहितीपत्रक मागवले, एका परिचित सनदी लेखापालांकडे जाऊन बसलो आणि जे समजले ते आता आपल्यापुढे ठेवतो.

भाव म्हणजे काय?

म्युच्युअल फंड म्हणजे पुष्कळ लोकांचा पैसा एकत्र करून तो शेअर्स, कर्जरोखे वगैरेंत गुंतवणारी संस्था. योजनेजवळ जी मालमत्ता असेल तिची त्या दिवसाची बाजारभावाने किंमत काढायची, त्यातून देणी व खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचे. जो आकडा येतो तो एका युनिटचा भाव. त्याला निव्वळ मालमत्ता मूल्य किंवा एनएव्ही म्हणतात. तो कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो.

आपल्यातल्या वयस्कर सभासदांना 'युनिट' हा शब्द नवा नाही. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना १९६४ साली झाली आणि त्यांची युनिट-६४ ही योजना खेड्यापाड्यातल्या शिक्षकांपर्यंत पोहोचली. दहा रुपये दर्शनी किंमत आणि वर्षाला लाभांश, हे समीकरण त्या पिढीच्या डोक्यात पक्के बसले. त्या योजनेचा भाव मात्र रोजच्या मालमत्तेवरून निघत नसे, तो ट्रस्ट ठरवीत असे. जाहीर केलेला भाव आणि आतली मालमत्ता यांचा मेळ बसेना, तेव्हा जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री थांबवावी लागली. आता तसे नाही. आता भाव म्हणजे त्या दिवशी युनिटच्या पोटात प्रत्यक्ष जेवढे आहे तेवढेच. तेरा रुपये ऐंशी पैशांच्या युनिटात तेरा रुपये ऐंशी पैशांचाच माल असतो आणि एक्केचाळीस रुपये चाळीस पैशांच्या युनिटात तेवढ्याचा. म्हणजे स्वस्त काही नाही आणि महागही काही नाही. आम्ही दिलेला बाटलीचा दाखला मुळातच चुकीचा होता.

एका मोटरीवरचे दोन हौद

मग एकाच योजनेचे भाव दोन का? समजा, एकाच मोटरीवर भरणारे दोन सारखे हौद आहेत. पाणी दोन्हीत सारखेच पडते. एका हौदाचा कॉक बंद आहे. दुसऱ्याचा कॉक दर महिन्याला थोडा उघडून आपण पाणी घरी वापरायला नेतो. वर्षानंतर दोन्ही हौदांत काठी बुडवून पाहिली तर पहिल्यात पाणी जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसणारच. म्हणून काही दुसऱ्या हौदाला मोटर कमी चालली असे होत नाही.

बंद कॉकचा हौद म्हणजे ग्रोथ पर्याय. झालेली मिळकत आतच राहते, पुन्हा गुंतवली जाते आणि युनिटचा भाव वाढत जातो. उघड्या कॉकचा हौद म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय. यात वेळोवेळी पैसे वाटले जातात आणि ज्या दिवशी वाटप होते त्या दिवशी युनिटचा भाव तेवढ्याने उतरतो. विलायतेतही हीच रीत आहे. तिकडे यांना इन्कम युनिट आणि अ‍ॅक्युम्युलेशन युनिट म्हणतात आणि तिथेही दोन्हींचे भाव असेच निरनिराळे असतात.

आकड्यांनी पाहू. दोन सभासदांनी योजना सुरू झाली त्या दिवशी दहा रुपये भावाने प्रत्येकी १,००,००० रुपये घातले. दोघांना १०,००० युनिटे मिळाली. योजना दरसाल १० टक्के वाढली असे धरू. (हे केवळ हिशेबासाठी. फंडात असा ठरलेला दर कधीच नसतो, एखाद्या वर्षी घटही येते.) पहिल्याने ग्रोथ घेतले. दुसऱ्याला दर वर्षाअखेर युनिटमागे १ रुपया वाटप मिळाले.

पहिल्या वर्षाअखेर दोघांचाही भाव ११ रुपये. दुसऱ्याला १ रुपया वाटला, त्याचा भाव पुन्हा १० रुपये. असे पाच वर्षे चालले. पाच वर्षांनी पहिल्याचा भाव १६.१०५१ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपयेच. पहिल्याची रक्कम १,६१,०५१ रुपये. दुसऱ्याचे हौदात १,००,००० आणि आजवर हातात आलेले ५०,०००, मिळून १,५०,००० रुपये. फरक ११,०५१ रुपयांचा. हा फरक वाटलेल्या पैशावर पुढे जी वाढ झाली असती तिचा आहे. दुसऱ्याने ते पैसे तसेच कुठे गुंतवले असते तर त्यालाही ती वाढ मिळाली असती. ते खर्चले, म्हणून मिळाली नाही.

आता सहाव्या वर्षी तिसरा सभासद १,००,००० रुपये घेऊन आला. त्याने १० रुपयांचे घेतले तर १०,००० युनिटे मिळतील. १६.१०५१ चे घेतले तर सुमारे ६,२०९ युनिटे मिळतील. योजना पुन्हा १० टक्के वाढली तर वर्षाअखेर दोन्हींचे १,१०,००० रुपयेच होणार. युनिटे जास्त मिळाली म्हणजे फायदा जास्त झाला, ही समजूत खोटी. आपण गाडीत मोळ्या किती भरल्या यावर कारखाना पैसे देत नाही, वजनकाट्यावर टन किती भरले त्यावर देतो. मोळी लहान बांधली तर संख्या वाढते, ऊस वाढत नाही. तसेच हे आहे.

एवढ्यासाठीच, नव्या योजनेचे १० रुपयांचे युनिट जुन्या योजनेच्या ६० रुपयांच्या युनिटापेक्षा स्वस्त असे कोणी सांगितले तर भुलू नका. आणि वाटप करणाऱ्या पर्यायाचा भाव वर्षानुवर्षे तिथल्या तिथे दिसला म्हणून योजना नापीक आहे असेही धरू नका. वाटलेले पैसे मिळवून हिशेब केल्याखेरीज त्यातले काही कळत नाही.

नानांचा हिशेब

नानांची नात गणितात हुशार. तिनेच आमच्या टेबलावर बसून हिशेब मांडला. १३.८० रुपयांनी २,०७,००० रुपयांची १५,००० युनिटे. युनिटमागे महिना १० पैसे वाटप, म्हणजे महिना १,५०० रुपये. करकपात होऊ नये म्हणून द्यायचा फॉर्म नानांनी वेळेवर भरला होता, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळाली. तीन वर्षांत ५४,००० रुपये हातात आले. आजचा भाव १२.५१ रुपये, म्हणजे शिल्लक १,८७,६५० रुपये. दोन्ही मिळून २,४१,६५० रुपये.

म्हणजे योजनेने तीन वर्षांत कमावले ३४,६५० रुपये, वर्षाला साधारण ६ टक्क्यांच्या गतीने. नानांना वाटले ५४,०००. वरचे १९,३५० रुपये आले कुठून? नानांच्या मुद्दलातून. व्याज म्हणून दर महिन्याला जे हातात पडत होते त्यात एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांच्याच मोबदल्याच्या पैशाचा होता.

दुसऱ्या पर्यायाचे काय झाले तेही तिने काढले. ४१.४० रुपयांनी ५,००० युनिटे मिळाली असती. आज त्या पर्यायाचा भाव ४९.३१ रुपये आहे. रक्कम झाली असती २,४६,५५० रुपये. योजना तीच, पैसे गुंतवणारे तेच, तीन वर्षे तीच. पण नातीच्या शिक्षणासाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशात आज ५८,९०० रुपये कमी आहेत.

"मग ते चोपन्न हजार गेले कुठं?" आम्ही विचारले.

"जायाचं कुठं? पेंड, लाइटचं बिल, पाव्हणंरावळं. म्हैन्याला आलं की गेलं." नाना थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी बेण्याचा ऊस मोडून गुऱ्हाळाला घातला म्हणा की आमी!"

आम्ही चार तास वाचून जे समजून घेतले ते नानांनी एका वाक्यात सांगितले. बेण्याचा ऊस गुऱ्हाळाला घातला तरी पैसे येतातच, त्यात कोणी फसवलेले नसते. पण पुढच्या लागणीला बेणे राहत नाही.

नाव बदलले ते उगीच नव्हे

असा गैरसमज नानांचा एकट्याचा नाही. तो इतका पसरलेला होता की सेबीने १ एप्रिल २०२१ पासून 'डिव्हिडंड' हे नावच बदलायला लावले. आता त्या पर्यायाला 'इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल' म्हणतात, म्हणजे 'उत्पन्नवाटप तथा भांडवल-परतावा'. कागदावर याची आद्याक्षरे 'आयडीसीडब्ल्यू' अशी असतात. ती नानांच्या कागदावरही होती. आम्ही ती वाचली नाहीत.

भांडवल परत कसे मिळते? दहा रुपये दर्शनी किमतीचे युनिट आपण १३.८० ला घेतो तेव्हा वरच्या ३.८० रुपयांतला जो भाग योजनेने आधीच कमावलेल्या नफ्यापोटी असतो तो एका वेगळ्या राखीव खात्यात टाकला जातो आणि त्यातून पुढे वाटप करता येते. म्हणजे आपण आजच घातलेल्या पैशातलाच काही भाग उद्या 'वाटप' म्हणून आपल्याला परत मिळू शकतो. शिवाय हे वाटप बँकेच्या व्याजासारखे ठरलेले नसते. फंड ते कमी करू शकतो, बंदही करू शकतो. तेव्हा 'वाटप जाहीर होणार आहे, त्याआधी घ्या' असे कोणी घाई करू लागला तर लक्षात ठेवा, पुढच्या दाराने जे आले तेवढे भावातून मागच्या दाराने गेलेले असते.

आपल्याला हे खरे तर समजायला हवे. दिवाळीला उसाचा पुढचा हप्ता मिळतो तेव्हा घरात बक्षीस मिळाल्यासारखे वाटते, पण तो आपल्याच उसाचा पैसा असतो, एवढे जाणत्या सभासदाला ठाऊक असते. मात्र कारखान्याचा आपला भाग दर्शनी किमतीलाच राहतो, त्याचा भाव रोज चढत-उतरत नाही. त्यामुळे भाव हलणाऱ्या कागदाची आपल्याला सवय नाही.

कराची बाजू

वाटपाचे पैसे १ एप्रिल २०२० पासून घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात आणि त्याच्या दराप्रमाणे कर लागतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी हे शेतीचे उत्पन्न नव्हे, हे ध्यानात ठेवावे. एका फंडाकडून वर्षाला १०,००० रुपयांच्या वर वाटप झाले तर १० टक्के मुळातून कापले जातात. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० रुपये होती.

ग्रोथमध्ये जोवर युनिट विकत नाही तोवर कर नाही. विकल्यावर फक्त नफ्यावर लागतो. मुख्यतः शेअर्समध्ये गुंतवणाऱ्या योजनेचे युनिट वर्षाहून जास्त ठेवून विकले तर २३ जुलै २०२४ पासून वर्षाला १,२५,००० रुपयांच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. मुख्यतः कर्जरोख्यांच्या योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर गुंतवले असेल तर नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या दराने कर लागतो, मात्र तोही विक्रीच्याच वेळी.

वाटपाचे पैसे त्याच योजनेत पुन्हा गुंतवणारा तिसराही पर्याय असतो. आमच्या उदाहरणात १०,००० रुपये वाटले आणि १० रुपयांनी १,००० युनिटे परत घेतली, तर ११,००० युनिटांचे १,१०,००० रुपये होतात, अगदी ग्रोथइतकेच. पण वाटलेले धरल्यामुळे कर दरसाल मागे लागतो. पैसे हातात नाहीत आणि कर मात्र आहे, असा तो प्रकार.

एक सूचना. भावांची तुलना करताना 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' यांची सरमिसळ करू नये. १ जानेवारी २०१३ पासून फंडाकडून थेट घेण्याची सोय झाली. त्यात मध्यस्थाचे कमिशन नसल्याने खर्च कमी आणि त्यामुळे भाव थोडा जास्त असतो. तो फरक निराळा, वाटपाचा फरक निराळा.

मग घ्यावे काय?

आधी भाव पाहू नका, पैसे कशाला आणि कधी लागणार ते ठरवा. चार-पाच वर्षांनी लागणारे पैसे असतील, मध्ये हात लावायचा नसेल, तर कॉक बंद ठेवलेला बरा. महिन्याच्या खर्चाला खरोखरच गरज असेल तर वाटप घेण्यात गैर काही नाही, फक्त त्यात मुद्दलही असू शकते हे ठाऊक असावे. ग्रोथ घेऊन दरमहा ठरावीक रक्कम काढून घेण्याचीही सोय असते. त्यात युनिटे विकली जातात, ती किती कमी झाली ते कागदावर दिसते आणि कर फक्त काढलेल्या रकमेतल्या नफ्यावर लागतो. आणि वर्षभरात लागणारी फी, लग्न, विहिरीचे काम, अशा पैशाला हा बाजार नव्हेच. तो पैसा बँकेत बरा.

ज्यांनी आधीच वाटपाचा पर्याय घेतला आहे त्यांनी घाईने बदलू नये. एकातून दुसऱ्यात जाणे ही कराच्या दृष्टीने विक्रीच ठरते. जाणकार सनदी लेखापालाला किंवा नोंदणीकृत सल्लागाराला कागद दाखवून मगच ठरवावे.

नानांनी तेच केले. नातीच्या पहिल्या वर्षाच्या फीपुरते पैसे काढून बँकेत ठेव म्हणून ठेवले. उरलेले ग्रोथमध्ये वळवले. कमी पडलेल्या पैशातला काही भाग ते यंदाच्या खोडव्याच्या बिलातून घालणार आहेत.

जाताना आम्ही म्हटले, "नाना, चूक आमची झाली. कागद न वाचताच बोललो."

नाना म्हणाले, "आवो, तुमी पैसं कशाला पायजेत ते इचारलं न्हाई आन् आमी सांगितलं न्हाई. दोघांची बी झाली."

नानांनी असे म्हटले तरी आमच्या मनाची बोच गेलेली नाही. बेण्याला पाने आलेली दिसत नसतील तर आम्ही रानात उकरून डोळा पाहतो, पण एक कागद उलटून पाहिला नाही. तेव्हा सभासदांना विनंती की, अशा योजनेचा कागद हातात आला तर त्यावर 'ग्रोथ' लिहिले आहे की 'आयडीसीडब्ल्यू', एवढे घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून आधी वाचून घ्यावे. आणि गट ऑफिसात आम्हांला विचारायला आलात तर नोंदीची घाई संपेपर्यंत आम्हांला बोलू देऊ नका.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.